मानेला बसलेला हिसका : डॉक्टरांना भेटण्यापूर्वीची तयारी

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांबरोबर एखादा आरोग्यविषयक लेखही असावा, असा आमच्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा अस्थिरोग विभागाने सुचविलेला विषय वरकरणी किरकोळ वाटेल. अपघातात मानेला हिसका बसला, तर डॉक्टरांकडे येताना काय तयारी करून यावे, एवढाच तो विषय. तो का निवडला, हे एका रुग्णाच्या अनुभवावरून सांगणे सोपे जाईल.

गेल्या पावसाळ्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक रिक्षाचालक आले. मान आखडलेली, गळ्यात औषधाच्या दुकानातून घेतलेला पट्टा आणि हातात एमआरआयचे भले मोठे पाकीट. पतपेढीतून कर्ज काढून त्यांनी ती तपासणी बाहेरून करून घेतली होती. अहवाल पाहून कोणीतरी ‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगितले होते आणि तेव्हापासून ते धास्तावून घरी बसले होते. ‘दुखणे केव्हापासून?’ या प्रश्नावर ‘झाले बरेच दिवस’ एवढेच उत्तर मिळाले. ‘कुठे लागले होते का?’ ‘नाही.’ तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘अहो, सिग्नलला मागून टेम्पो धडकला होता, ते सांगा की!’

तो प्रसंग सात आठवड्यांपूर्वीचा. त्या दिवशी रिक्षाची मागची बाजू तेवढी चेपली होती, अंगाला खरचटलेसुद्धा नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मान आखडली, तेव्हा दोष उशीला गेला. मग तेलमालिश झाली, सलूनमध्ये मान ‘मोडून’ झाली, पट्टा सहा आठवडे गळ्यात राहिला. जे त्या पाकिटातून कळले नव्हते, ते पत्नीच्या एका वाक्याने कळले. या दुखण्यात रुग्णाची हकिगत ही सर्वांत मोलाची तपासणी असते आणि ती तपासणी रुग्णाने घरूनच करून आणावयाची असते. या लेखाचा सारा भर याच मुद्द्यावर आहे.

हिसका म्हणजे नेमके काय होते?

आपले डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते आणि ते सात लहान मणक्यांच्या आधारावर तोललेले असते. मागून धडक बसली की आसनाबरोबर धड एकदम पुढे ढकलले जाते. डोके मात्र क्षणभर जागच्या जागी राहते. अशा वेळी मानेचे खालचे मणके मागे वाकतात, तर वरचे पुढे, आणि मान क्षणार्धासाठी नागमोडी होते. हे सारे सुमारे एक दशांश सेकंदात घडते. स्नायूंना स्वतःला सावरून घेण्याइतकाही अवधी मिळत नाही. त्यात स्नायू, अस्थिबंध आणि मणक्यांच्या मागील बाजूचे छोटे सांधे ताणले जातात. चाबकाच्या फटक्यासारखी ही हालचाल म्हणून तिला व्हिपलॅश हे नाव पडले. अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञ हॅरॉल्ड क्रो यांनी १९२८ साली ते वापरल्याचे सांगितले जाते.

दुखणे मात्र मोटारीपेक्षाही जुने आहे. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिकसेन यांनी १८६६ साली रेल्वे अपघातांतील जखमींवर एक पुस्तक लिहिले. बाहेरून जखम दिसत नाही, तरी माणूस दुखण्याने खचलेला आहे, अशा रुग्णांवर तेव्हा मोठा वाद झाला, कोर्टकचेऱ्याही झाल्या. ‘दिसत तर काही नाही, मग दुखते कसे?’ हा प्रश्न आजही अशा रुग्णाला घरात आणि कामावर ऐकावा लागतो.

ताणलेले अस्थिबंध आणि स्नायू साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. एमआरआयमध्ये उलट नको तितके दिसते. जपानमध्ये मानेची तक्रार नसलेल्या १,२११ व्यक्तींच्या मानेचा एमआरआय काढण्यात आला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ८७ टक्क्यांहून अधिक व्यक्तींमध्ये मणक्यांमधील चकती थोडीफार फुगलेली आढळली. वयाबरोबर केस पिकावेत, तसाच हा बदल. आमच्या रिक्षाचालकांचा ‘गॅप’ याच जातीचा होता. अपघाताची हकिगत आणि प्रत्यक्ष तपासणी यांच्याशी ताडून पाहिल्याखेरीज अशा अहवालाचा अर्थ लागत नाही.

तयारी करीत बसू नये, असे प्रसंग

पुढील लक्षणांपैकी एक जरी असेल, तरी कागद-पेन्सिल बाजूला ठेवून रुग्णाला तातडीने अपघात विभागात आणावे : हातापायांत मुंग्या, बधिरता किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणे, लघवी अथवा शौचावरील ताबा सुटणे, मानेच्या मागे मधोमध हाडावर तीव्र वेदना, अपघातानंतर शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा गुंगी, बोलण्यास अथवा गिळण्यास त्रास, एकाच्या दोन वस्तू दिसणे, चेहऱ्याचा एक भाग बधिर होणे. वय ६५ किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास, मार किरकोळ वाटला तरी थांबू नये.

असा रुग्ण अपघातस्थळीच असेल, तर त्याला ओढून उभे करू नये, मान सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तिला दूरध्वनी करावा आणि ती येईपर्यंत डोके व मान आहे त्या स्थितीत स्थिर धरून ठेवावी.

येथे एक गैरसमजही दूर करावासा वाटतो. पोलिसांचे झंझट मागे लागेल या भीतीने ‘जिन्यावरून पडलो’ असे सांगणारे रुग्ण आम्हाला नेहमी भेटतात. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे की, जखमीवर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. खरी हकिगत दडवल्याने चौकशी टळेल न टळेल, निदान मात्र हमखास चुकते.

घरी बसून लिहावयाचे एक पान

वरील लक्षणे नसतील, तर भेटीच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढून एक पान लिहावे. लिहिणे जमत नसेल, तर मुलाला, सुनेला किंवा शेजाऱ्याला सांगून लिहवून घ्यावे. अक्षर आणि भाषा कशीही चालेल. पुढील सहा बाबी त्यात असाव्यात.

पहिली बाब अपघाताची. तारीख आणि वेळ. आपण वाहन चालवीत होतो की मागे बसलो होतो. धडक मागून, पुढून की बाजूने बसली. आपले वाहन उभे होते की चालते. पट्टा किंवा हेल्मेट होते का. आसनाला डोके टेकवण्याची उशी होती का. धडकेच्या क्षणी मान सरळ होती की वळलेली. डोके कशावर आपटले का. धडकेनंतर आपण स्वतः उठून चाललो का, हेही लिहावे. एसटीने अचानक ब्रेक मारल्यामुळे, गतिरोधकावर दुचाकी उसळल्यामुळे किंवा कबड्डीत पकड बसल्यामुळेही असा हिसका बसू शकतो. तेव्हा ‘अपघात’ म्हणण्याजोगे काही घडले नसले, तरी आठवून पाहावे.

दुसरी बाब काळाची. दुखणे त्याच क्षणी सुरू झाले, काही तासांनी की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी? या दुखापतीत वेदना उशिरा सुरू होणे हे नेहमीचेच आहे, आणि म्हणूनच ती उशीच्या माथी मारली जाते. त्यानंतर दुखणे वाढत आहे, तसेच आहे की ओसरत आहे, हे नोंदवावे.

तिसरी बाब वेदनेच्या जागेची. एका कागदावर माणसाची समोरची आणि पाठमोरी अशी ओबडधोबड आकृती काढून जेथे दुखते तेथे रेघा माराव्यात, जेथे मुंग्या येतात तेथे ठिपके द्यावेत. ठिपके हातात उतरत असतील, तर कोणत्या बोटांपर्यंत जातात हे जरूर दाखवावे. अंगठ्याकडची मुंगी आणि करंगळीकडची मुंगी बहुधा वेगवेगळ्या नसांकडे बोट दाखवतात. वेदना शून्य ते दहा या मापात किती, सकाळी किती आणि रात्री किती, हेही लिहावे.

चौथी बाब मानेपलीकडच्या तक्रारींची. कवटीच्या बुडापासून वर चढणारी डोकेदुखी, चक्कर, कानात आवाज, जबडा दुखणे, अंधुक दिसणे, झोप न लागणे, लक्ष न लागणे, चिडचिड. पुष्कळ रुग्ण या तक्रारी सांगतच नाहीत. मानेशी त्यांचा संबंध असेल असे त्यांना वाटत नाही. धडकेचा आवाज आठवून दचकायला होत असेल किंवा गाडीत बसण्याची भीती वाटत असेल, तर तेही संकोच न करता लिहावे. तो भित्रेपणा नव्हे. त्यावरही उपचार आहेत.

पाचवी बाब अडलेल्या कामांची. डॉक्टरांना ‘खूप दुखते’ यावरून जे कळत नाही, ते ‘हंडा उचलता येत नाही’, ‘रस्ता ओलांडताना उजवीकडे मान वळत नाही’, ‘फळ्यावर दहा मिनिटे लिहिले की हात भरून येतो’ यावरून कळते. उपचारांचा उपयोग होतो आहे की नाही, हे पुढच्या भेटीत याच नोंदींवरून ठरते.

सहावी बाब पूर्वीच्या आजारांची आणि आजवर केलेल्या उपायांची. मानेचे जुने दुखणे, संधिवात, हाडांचा ठिसूळपणा, मधुमेह, रक्तदाब, पित्ताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार. चालू असलेल्या सर्व गोळ्या. कोणत्या औषधाची रिअॅक्शन आली होती ते. मालिश, शेक, लेप, काढा, मान मोडून घेणे यांपैकी जे केले असेल ते प्रांजळपणे सांगावे. डॉक्टर रागावतील म्हणून ते लपवू नये. वेदनाशामक गोळी भेटीच्या दिवशी घेतली असेल, तर किती वाजता घेतली ते लिहून ठेवावे.

सोबत काय आणावे?

अपघातानंतर जेथे प्रथम उपचार झाले तेथील केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड, काढलेले एक्स-रे किंवा स्कॅन आणि त्यांचे अहवाल, चालू औषधांची पाकिटे, तसेच पोलीस नोंद झाली असल्यास तिची प्रत आणावी. नवी तपासणी स्वतःच्या मनाने करून आणू नये. गरज असेल तर डॉक्टर सांगतीलच. शक्य असल्यास पुढून बटणे असलेला सैल सदरा किंवा ब्लाउज घालावा, म्हणजे मान व खांदे तपासणे सोयीचे होते. गळ्यातील दागिने घरी ठेवावेत. मान वळत नसताना दुचाकी चालवत येऊ नये. सोबत घरातील एक माणूस आणावे. आमच्या रिक्षाचालकांच्या पत्नी त्या दिवशी आल्या नसत्या तर काय झाले असते, याचा विचार करावा.

खर्चाच्या विवंचनेने कोणी येणे टाळू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवलेल्या असतात. शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत असल्यास आमच्या वैद्यकीय समाजसेवकांचे काम सोपे होते.

डॉक्टरांच्या खोलीत

डॉक्टर मान हळूहळू वळवायला सांगतील, मणक्यांवर दाबून पाहतील, हातांची ताकद, स्पर्शज्ञान आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासतील. दुखेल तेथे ‘दुखते’ म्हणावे. शौर्य दाखवू नये आणि वाढवूनही सांगू नये. १९९५ साली कॅनडातील क्युबेक प्रांताच्या अभ्यासगटाने या दुखापतीची शून्य ते चार अशी प्रतवारी केली, ती आजही उपयोगी पडते. पहिल्या प्रतीत केवळ दुखणे व आखडणे असते. दुसऱ्या प्रतीत मानेची हालचाल कमी झालेली असते किंवा दाबल्यावर ठरावीक जागी दुखते. तिसऱ्या प्रतीत नसांवर परिणाम झाल्याची चिन्हे असतात, आणि चौथ्या प्रतीत हाड मोडलेले अथवा सरकलेले असते. आपण काढलेल्या आकृतीतील ठिपके रुग्णाला दुसऱ्या प्रतीतून तिसऱ्या प्रतीत नेऊ शकतात, इतके त्यांना महत्त्व आहे.

‘एक्स-रे काढला नाही, म्हणजे नीट तपासले नाही’ असा ग्रह करून घेऊ नये. अपघातानंतर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला मानेच्या एक्स-रेची गरज आहे की नाही, हे ठरविण्याचे नियम कॅनडातील डॉक्टरांनी २००१ साली प्रसिद्ध केले. वय, धडकेचा प्रकार, हातापायांतील मुंग्या, दुखणे लगेच सुरू झाले की उशिरा, रुग्ण अपघातानंतर चालला का आणि मान दोन्ही बाजूंस ४५ अंशांपर्यंत वळते का, असे प्रश्न त्यांत आहेत. वाचकांच्या लक्षात येईल की यांतील बहुतेक उत्तरे आपल्या त्या एका पानावर आधीच लिहिलेली असतात.

निघण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. माझी दुखापत कोणत्या प्रकारची आहे? कोणती हालचाल करावी आणि कोणती टाळावी? कामावर केव्हा आणि कोणत्या अटींवर जाता येईल? कोणते लक्षण दिसल्यास ठरलेल्या तारखेआधी परत यावे? उत्तरे सोबतच्या माणसाने लिहून घ्यावीत. दुखणाऱ्या माणसाला घरी पोहोचेपर्यंत त्यांतील निम्मी आठवत नाहीत.

भेटीनंतर

हाड मोडलेले नसेल, तर मान जपून का होईना हलती ठेवणे हाच या दुखण्यावरील मुख्य उपचार आहे. डॉक्टरांनी सांगितलेले वेदनाशामक औषध, शेक आणि फिजिओथेरपी विभागात शिकवलेले व्यायाम यांची जोड त्याला असते. गळ्यातील पट्टा सोयीचा वाटतो, पण डॉक्टरांच्या सल्ल्याविना तो आठवडेच्या आठवडे वापरल्यास स्नायू दुबळे होतात आणि मान अधिकच आखडते. मालिशवाल्याकडून किंवा सलूनमध्ये मान मोडून घेण्याचे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यात मानेतील रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका असतो.

बरे होण्याबद्दल खोटा दिलासा देणे आम्हाला योग्य वाटत नाही. पुष्कळ रुग्ण काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत बरे होऊन कामाला लागतात. मात्र २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार सुमारे निम्म्या रुग्णांना वर्षभरानंतरही मानेची काही ना काही तक्रार जाणवते. सुरुवातीला वेदना फार तीव्र असल्यास बरे होण्यास वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या भेटीलाही तेच पान घेऊन यावे आणि त्याच्या शेजारी आजची नोंद करावी. पंधरवड्यात मान पाच बोटे अधिक वळू लागली, हे रोजच्या रोज लक्षात येत नाही. कागदावर ते दिसते आणि रुग्णाला धीर देते.

नुकसानभरपाईबद्दलही दोन शब्द. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जावयाचे झाल्यास पहिल्या भेटीच्या केसपेपरवरील नोंदीला फार महत्त्व येते. तेथे जे लिहिले नाही, ते पुढे सिद्ध करणे कठीण जाते, आणि जे फुगवून लिहिले, ते उलटतपासणीत टिकत नाही. घडले तेवढे आणि घडले तसे सांगणे हेच रुग्णाच्या हिताचे असते. दाव्याच्या मुदतीबाबत मात्र वकिलांचा सल्ला लवकर घ्यावा.

आमच्या हितचिंतकांस

‘यंदा कोणते यंत्र हवे?’ असे देणगीदार आम्हाला आपुलकीने विचारतात. यंत्रे हवीतच. परंतु या लेखाच्या निमित्ताने नमूद करावेसे वाटते की, बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला डॉक्टरांची मोजकीच मिनिटे येतात. त्या मिनिटांचे चीज व्हावे म्हणून नोंदणी खिडकीजवळ वर दिलेल्या सहा बाबींचा मराठी छापील कागद ठेवण्यास आम्ही प्रारंभ केला आहे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्याजवळ बसून तो भरून घेण्याचे काम समाजसेवा विभाग करतो. कागदाला खर्च फारसा नाही. जवळ बसणाऱ्या माणसाच्या वेळेला आहे. आपल्या देणगीतून उभा राहणारा हा वेळ कोणत्याही फलकावर नाव कोरून दाखविता येत नाही, पण रुग्णाला तो पहिल्याच भेटीत जाणवतो.

त्या रिक्षाचालकांच्या तपासणीत नसांवर परिणाम झाल्याचे कोणतेही चिन्ह आढळले नाही. पट्टा टप्प्याटप्प्याने निघाला, व्यायाम सुरू झाले आणि दिवाळीपूर्वी त्यांची रिक्षा पुन्हा रस्त्यावर आली. गाडी मागे घेताना मान अजून थोडी ओढते, असे ते परवाच्या भेटीत म्हणाले. या वेळी मात्र त्यांना कोणी आठवण करून द्यावी लागली नाही. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी तो स्वतःच डॉक्टरांपुढे ठेवला.